दीक्षाची भरड

३ फेब्रुवारी, सोमवार

चाटली! गिळली का न्हाई देव जाणे, पण चाटली! माझी नात दीक्षा आज आजीच्या हातची भरड जेवली. सहा महिने पुरे झाले परवा. तोंड असं वाकडं केलं की मी नि माझा लेक समाधान हसून हसून बेजार. नवं हाय, म्हटलं. सवय होईल.

भरड म्हंजे काय सोपं काम न्हाई. तांदूळ नि मुगाची डाळ तीन पाण्यांनी धुतली, पंच्यावर सावलीत दोन दिवस वाळवली. गॅलरीत कबुतरं फार, काठी घेऊन बसले राखण करत! मग मंद आचेवर भाजली नि गिरणीत नेली. गिरणीवाल्याला बजावलं, तांदळावरच दळा भाऊ, ज्वारीवर नको, लेकराचं हाय. "व्हय मावशी, ठेवा तिथं." तेवढ्यात मी भाजी बघायला गेले. पिंपळे गुरवला पालक चांगला मिळतो, पण माती लई.

ही वही समाधानला कंपनीनं दिलेली. तो कशाला लिहितोय! मी चौथीपर्यंत गेलेली, मीच लिहिते. कोण वाचतंय.

४ फेब्रुवारी

थुंकली. सगळी माझ्या लुगड्यावर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पण तोंड गच्च. चमचा बघितला की मान फिरवते. स्वरूपा लगेच वाटी घेते माझ्या हातातून — "राहू द्या आई, रडतेय ती." वाटी धुऊन टाकते नि पोरीला पदराखाली घेते. सून गुणाची हाय पण मनानं फार हळवी.

१७ तारखेला तिची रजा संपते. चाकणला मोठ्या कंपनीत हाय ती, गाड्यांचे पार्ट तपासते. तिनं नापास केला की साहेबाला पण पुढं पाठवता येत न्हाई! सकाळी सातची बस, यायला साडेपाच. दीक्षा बाटली तोंडाला लावू देत न्हाई, आता वाटी पण न्हाई. मग दिवसभर पोर काय हवा खाणार?

रात्री जेवताना स्वरूपा म्हणाली, "नाहीच खाल्लं तर सोडते नोकरी. त्यात काय." समाधान उसळलाच. "पर्मनंट नोकरी! लोक दहा दहा वर्षं वाट बघतात!" मी म्हटलं, भांडू नका. मी हाय ना! दहा दिवसांत वाटी रिकामी करून दाखवते. माझ्या घराण्यात गळ्यात कार्ड घालून जाणारी ही पहिली बाई. ती माझ्यापायी घरी बसली तर मला काय वाटंल?

७ फेब्रुवारी

मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या लई! खालच्या मजल्यावरचे उद्धवराव येता-जाता "गुटगुटीत हाय हो" म्हणतात, मला त्यांचाच संशय. सकाळी परत थुंकली. मग मोहऱ्या कशाला तडतडल्या?

८ फेब्रुवारी

अळणी कोण खाईल? चिमूटभर मीठ घेतलं हातात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वर्षाची होईस्तोवर मीठ न्हाई, साखर न्हाई, मध तर मुळीच न्हाई. आमी चार लेकरं मीठ घालूनच वाढवली. पण स्वरूपाला शब्द दिलाय. टाकलं परत बरणीत. चोरून करून खाऊ घातलं तर ते अंगी लागत न्हाई.

१० फेब्रुवारी, सोमवार

अगं बाई! काय सांगू!

स्वरूपा कंपनीत कसला कागद द्यायला गेली होती. दीक्षानं दोन चमचे हातानं उडवून लावले नि झोपली. वाटी माझ्यापाशीच राहिली. खरकटं टाकवेना म्हणून बोट फिरवलं — कडूजहर!

देवाचा नैवेद्य नि लेकराचा घास आधी चाखायचा न्हाई, ही आमच्या आईची शिकवण. म्हणून सात दिवस मी जिभेला लावली न्हाई. सर्दीनं नाक पण बंद, वास कुठला!

चपला घालून तडक गिरणीत. म्हटलं, माझ्या आधी कुणाचं दळलं होतं? डोकं खाजवत म्हणतो, "तांदूळ कुणाचाच नव्हता मावशी. गव्हावर घेतलं. उद्धवरावांच्या. त्यांना शुगर हाय ना, गव्हात मेथ्या असतात."

मेथ्या! त्याला असा झाडला, रांगेतल्या बाया हसायला लागल्या. वर म्हणतो, "मेथी बाळंतिणीला चांगली." अरे, जेवतंय कोण, बाळंतीण का लेकरू?

पण खरी चूक माझी. सात दिवस पोर मला सांगत होती नि मी तिची दृष्ट काढत बसले.

११ फेब्रुवारी

मिक्सरमधी घरीच केली. आधी मी खाल्ली. आई, माफ कर गं. मग दीक्षाला. सहा चमचे! सातव्याला माझं बोटच धरलं, सोडंना!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अख्खी वाटी!! तुपाचा थेंब टाकला होता. समाधाननं व्हिडिओ काढून गावाकडं सगळ्यांना पाठवला. स्वरूपा बघत होती. एकदम उठून आत गेली, डोळे भरलेले. आईला आनंद व्हायचाच. मी पण दोन टिपं गाळली.

लाल भोपळा उद्या. सोलून, वाफवून.

१६ फेब्रुवारी

भोपळा आवडला. नाकाला, कानाला, सगळीकडं भोपळा! स्वरूपाचा ड्रेस इस्त्री करून ठेवला. डब्याला मेथीची भाजी करू का विचारलं तर समाधान हसला. ती न्हाई हसली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

समाधान पहिल्या शिफ्टला गेलेला. स्वरूपा कार्ड घालून खाली उतरली नि पाच मिनिटांत परत वर. म्हटलं, काय राहिलं गं? दारातच उभी. "आई, भरड कडू आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाटी धुताना चाखली होती मी. बोलले असते तर तुम्ही लगेच दुसरी केली असती. मग मला जावं लागलं असतं."

खाली बसचा हॉर्नवर हॉर्न. दीक्षाला तिच्या कडेवर दिलं, गॅलरीत गेले नि ड्रायव्हरला हात केला — जा बाबा तू. जा!