‘सैद्धांतिक’ हा शब्द खोडल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
भूजल तपासणी कार्यालय.

विषय : शाळेमागील हातपंपावरची हिरवी पाटी काढणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : तिसऱ्या अर्जावरील आपला शेरा, “वक्र समाधानकारक. फाईल बंद.”

महोदय,

१. अर्जदार आपल्याच नकाशा शाखेत तंत्रज्ञ आहे. दोन पंपांमधले अंतर वाढत गेले की त्यांच्या पाण्यातला फरक किती वाढतो, हे दाखवणाऱ्या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात, हे आपणांस ठाऊक असेलच. नसल्यास तिसरा अर्ज पाहावा.

२. नव्या कर्मचाऱ्यांना सॉफ्टवेअर शिकवताना अर्जदाराने एकाही पंपाची मोजणी न घेता नमुन्यादाखल एक वक्र काढला. पल्ल्याच्या, म्हणजे किती अंतरापर्यंत पाणी सारखे धरायचे त्या चौकटीत मनाला आला तो आकडा टाकला, आठशे मीटर. वर ठळक लिहिले “सैद्धांतिक प्रतिमान” आणि शाखेच्या प्रथेप्रमाणे खाली सही केली. आपण तो कागद उचललात. “सैद्धांतिक म्हणजे सिद्ध झालेलंच ना? मग एवढा लांबलचक शब्द कशाला?” असे म्हणून तो शब्द खोडलात व “सिद्ध” लिहिलेत. मोजणीचा एकही बिंदू नसल्याने रेघ कशी स्वच्छ दिसते, असे सभेत अर्जदाराचे कौतुकही केलेत. अर्जदार तेव्हा गप्प बसली, कारण कौतुक गोड लागले.

३. त्या रेघेच्या भरवशावर, एका चांगल्या पंपापासून आठशे मीटरच्या आतले सगळे पंप न तपासताच पिण्यायोग्य म्हणून हिरवे रंगवले गेले. प्रत्येक पाटीवर तो वक्र, वक्राखाली अर्जदाराची सही. शाळेमागच्या पंपावर अर्जदाराची धाकटी बहीण पाणी भरते.

४. बहिणीच्या थोरल्या मुलीच्या तळहातांवर चट्टे उठले, मग यकृत गेले, मार्चमध्ये ती गेली. अर्जदाराने स्वतः पाणी तपासले. आर्सेनिक मर्यादेच्या चाळीसपट निघाले. चांगल्या पंपाच्या पाण्याशी त्याचा फरक बिंदू म्हणून आलेखावर मांडला, तर तो रेघेच्या कितीतरी वर गेला. त्यावर आपला शेरा : “बिंदू रेघेत बसत नाही. बिंदू काढावा.”

५. धाकटी भाची आजही तेच पाणी पिते. अर्जदाराने बहिणीचे पाय धरले. ती म्हणते, “ताई, दुःखानं तुझं डोकं फिरलंय. एवढ्या मोठ्या कार्यालयानं तुझी सही पाटीवर लावलीय. तू शिकलेली बाई, खोटं कशाला लिहिशील?”

६. पाटी काढल्यास कार्यालयाची अब्रू जाते, हे आपले म्हणणे अर्जदारास कळले. सबब ती मागणी मागे घेत आहे. त्याऐवजी अर्जदार खोटारडी व बेभरवशाची असून तिच्या सहीला काडीची किंमत नाही, असे शिक्क्यानिशी लेखी द्यावे. वाटल्यास बडतर्फ करावे. अर्जदार तो कागद बहिणीला वाचून दाखवील. तिचा अर्जदारावर नाही, पण शिक्क्यावर विश्वास आहे.

सोबत :
पंपाचे पाणी, एक बाटली (कृपया पिऊ नये).
धाकट्या भाचीच्या तळहातांचे छायाचित्र, कालचे. चट्टे तीन.

आपली, सहीपुरती विश्वासू,
तंत्रज्ञ, नकाशा शाखा
दि. ९ जून