तळाशी दिसणारी वर्षं

बाबा,

एचआयव्हीच्या तपासण्यांची जिल्ह्याची आकडेवारी मी ठेवते. वाशीमच्या कार्यालयात बसून दर महिन्याला तालुकावार नवे रुग्ण किती निघाले ते मांडायचं आणि मागच्या वर्षांशी ताडून पाहायचं. आकडे येतात, नावं येत नाहीत. अनेक वर्षांची आलेखावरची रेघ एकत्र पाहिली की सुरुवातीला ती अगदी तळाशी दिसते. नवखे लोक म्हणतात, तेव्हा आजार कमी होता. तेव्हा तपासणी कमी होती. ती तुमची वर्षं.

शिरपूरच्या बसस्टँडजवळचं तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर दारातूनच सांगतात, "टीबी आहे." आई विचारते, "मंग गोळ्या खाऊन बी हे काहून वाळून राह्यले?" डॉक्टर बॅग उचलतात. जाताना एवढंच म्हणतात, "ह्यायचं दाढीचं ब्लेड कोनाले वापरू देऊ नका." त्या वाक्याचा अर्थ मला नोकरी लागल्यावर कळला.

यंदा मानोरा तालुक्याची रेघ वर गेली. ऊसतोडीहून लोक परतल्यावर तिथल्या तांड्यांवर पहिल्यांदाच तपासणीचं शिबिर झालं होतं. बैठकीत एक सरपंच उठले. "मॅडम, हे शिबिर बंद करा. आमच्या गावाचं नाव खराब होऊन राह्यलं."

मी म्हटलं, "बंद केलं त रेघ खाली येईन, दादा. बिमारी नाई येनार."

बैठक घेणारे आमचे साहेब म्हणाले, चालू ठेवा.

पुढच्या शिबिराला मी स्वतः गेले. कनातीपलीकडे कुण्या बाईला नुकताच निकाल कळला होता. ती समुपदेशक ताईंना विचारत होती, "पोरीच्या लग्नापर्यंत टिकीन का मी?"

"रोज गोळी घेतली त नातवंडं खेळवसान."

जरा वेळानं बाईनं गोळ्या कुठं मिळतात ते विचारलं. मी उठून गाडीत जाऊन बसले.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिचीही तपासणी झाली. काही निघालं नाही. तुमची कधी झालीच नाही, म्हणून खात्रीनं काही सांगता येत नाही. पण तो नुसता टीबी नव्हता, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. बैठकीत मी न अडखळता बोलते. परवा आईनं तुमचा विषय काढला. "टीबीनं नेलं तुह्या बाबाले," म्हणाली. मी "हो" म्हटलं.