कपाटातलं पालकत्व

२ मे, सकाळी ७.१०
उठलो. (पाचला उठायचं ठरलं होतं. सुट्टीची सूट.) शाल्मलीची शाळा संपली. नमिता दहाला ऑफिसला गेली की घरात मी आणि आठ वर्षांची मुलगी. इतर बाप घाबरतात. मी टाइमटेबल करून फ्रिजवर चिकटवलं. सकाळी सहा ते आठ : शाल्मलीला सायकल शिकवणे. दहा ते चार : रेकॉर्डिंग. पुण्याच्या क्लायंटचं ऑडिओबुक, विषय पालकत्व, अकरा प्रकरणं, ३१ मेपर्यंत. आवाज माझा. प्रेमळ, कधीही न चिडणारा.
नमिताने वाचून विचारलं, यात कूलरमधी पाणी कोण टाकणार ते कुठी लिवलं?

५ मे, दुपारी
४५ डिग्री. कूलर चालू ठेवला तर माझ्या प्रत्येक वाक्यामागे ट्रॅक्टर. बंद केला तर पोरगी भाजते. तोडगा : कूलर तिला, कपाट मला. नमिताच्या साड्या आणि दोन गोधड्या लावून आत स्टुडिओ केला. घाम माइकवर पडलेला ऐकू येतो, इतकी क्वालिटी.
सायकल उद्या. चाकात हवा नव्हती.

९ मे
हवा भरली. उठलो आठला, तोवर ऊन. एवढ्या उन्हात लेकराला बाहेर नेणारा बाप मी नव्हे. दुपारी कपाटात डुलकी लागते, म्हणून रेकॉर्डिंग आता संध्याकाळी पाच ते सात. शाल्मलीला बजावलं, पप्पा कपाटात असले की घरात आवाज नको. तिने विचारलं, अंगणात चालते का? चालते म्हटलं. समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

१४ मे
प्रकरण चौथं : 'आवाज न चढवता बोला'. अठरा टेक. सतराव्या टेकला शाल्मलीने कपाट वाजवून विचारलं, लिंबू कुठी हाय? ओरडलो. थोडंच. शेजारचे नत्थूजी (रिटायर्ड पोस्टमन, जन्म सायकलवर गेला) धावत आले. काय झालं जी, साप निंगाला काय? रिहर्सल होती म्हणून सांगितलं.
नमिताला पैठणीवर घामाचा डाग सापडला. तो विषय इथे नको.

१९ मे
शाल्मलीचा गुडघा सोललेला दिसला. बापाची नजर. (नमिताने दाखवला.) विचारलं तर म्हणे काई नाई. हळद लावली. दुसरा गुडघाही सोललेला. पलंगावरून उड्या मारत असणार.

२४ मे
क्लायंटचा फोन. पाच झाली, सहा डोक्यात तयार आहेत असं सांगितलं. शाल्मलीलाही शब्द दिला, सोमवारपासून सायकल, पक्कं. ती म्हणाली, राहू द्या पप्पा. किती मोठं मन!

२९ मे, संध्याकाळी
प्रकरण सातवं : 'त्या क्षणी हजर राहा'. पहिल्याच टेकमध्ये जमत आलं होतं, तेवढ्यात शाल्मलीच्या हाका. तीन वेळा. आतूनच गप्प केलं. एडिटमध्ये निघेल.

३१ मे, दुपारी
एडिट. हेडफोन लावले. बारा मिनिटं वीस सेकंदांवर मी म्हणतो, 'हा क्षण पुन्हा येत नाही.' मागे, लांबून : पप्पा, पाहा ना! हात सोडला नत्थूबाबानं! मग सायकलची घंटी. मग मी : गप बस म्हटलं ना!
पुन्हा ऐकलं. चार वेळा. नॉइज रिमूव्हल लावलं. हाका पुसल्या गेल्या, घंटी राहिली. क्लायंटकडून आठवडा मागून घेतला.

१ जून, सकाळी ५.००
खरंच पाचला उठलो. बूट घातले, सायकलमागे धावायला. शाल्मली म्हणाली, मागून नका पकडू पप्पा, माहा तोल जाते. आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली, एकटी. वळतानाही पाय टेकला नाही. मी फाटकात उभा. नत्थूजी त्यांच्या फाटकात.
परत आल्यावर तिला विचारलं, मग मी काय करू?
ती म्हणाली, कूलरमधी पाणी टाका.
तीन बादल्या झाल्या. अजून दोन लागतील.