सीपीयू बदलला मामा, पण विंडोज तुमचीच

प्रिय मामा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं ठरवतोय आणि टाळतोय. मला सलग बसून लिहायची सवय कुठंय? एक ओळ झाली की ट्रेकवाल्यांना तिकोण्यावर न्यायचा फोन येतो, नाहीतर खंडाळ्याच्या हॉटेलातला दोस्त बोलावतो, आणि मी चपला घालून मोकळा. पण आज निमित्तच तसं झालं. तुमचा कॉम्प्युटर चालू झाला! कामशेतच्या आपल्या पत्रिका छापायच्या दुकानात, तुमच्या खुर्चीत बसून, तुमच्याच कीबोर्डवर हे टाइप करतोय. एक बटण अजून अडकतं. कुठलं ते तुम्हाला माहीतच आहे.

हो, बंद पडला होता. का ते ऐका, रागावू नका. दर दसऱ्याला तुम्ही त्याच्या डब्याला कुंकू लावून मागच्या जाळीत झेंडूचं फूल खोचायचात ना? उघडून बघतो तर आतल्या पंख्याभोवती वाळक्या पाकळ्यांचा गोळा! पंखा अडकला, बोर्ड तापून गेला. अहो मामा, पूजा केली तरी मशीनला हवा लागतेच की!

तळेगावचा हार्डवेअरवाला म्हणाला, "सोपंय. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, रॅम. फॉरमॅट मारू, फ्रेश विंडोज टाकू."

"फॉरमॅट नाही मारायचा."

"अरे, बोर्ड बदलल्यावर जुनी विंडोज उठत नसते. तुझा डेटा देतो की काढून."

डेटा! त्याला काय सांगणार? पत्रिकांच्या फायली निघाल्या असत्या हो. पण तुमचे ते कुठून कुठून जमवलेले फॉन्ट? पडद्यावरचा बैलाचा फोटो? 'भांडणारे' नावाचा फोल्डर? लग्नपत्रिकेत भावकीतलं एखादं नाव राहिलं म्हणून जे दुकानात येऊन तंडायचे, त्यांच्या सगळ्या पत्रिका तुम्ही त्यात टाकायचात. मी हसायचो, तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "ह्ये लोक परत येत्यात रं, वेगळंच ठेवाय पायजे."

आणि मुख्य म्हणजे तो आवाज. कॉम्प्युटर बंद होताना मामी ओरडायची, "आवो, बंद करा त्ये! भाकरी गार झाली!" तो तिचा खरा ओरडा तुम्ही एकदा तिच्या नकळत मोबाइलवर घेतलात आणि विंडोज बंद होतानाचा आवाज म्हणून बसवलात. काय चिडली होती ती! "गिऱ्हाइकांपुढं माझा आवाज? लाज हाय का?" तुम्ही शपथेवर सांगितलंत, काढून टाकला. कुठं काढला होतात? ती आली की नुसता स्पीकर बंद करायचात! असं कुणी फसवतं का बायकोला?

मग सामान आणलं आणि मीच बसलो, मोबाइलवर व्हिडिओ बघत. डबा तोच ठेवला, आत नवा बोर्ड, त्याला तुमची जुनी हार्डडिस्क. चालू केला तर निळा पडदा. पुन्हा चालू, पुन्हा निळा! वैतागून चहाला गेलो, तिथं पवनेला निघालेला टेम्पो भेटला, आणि दोन दिवस तिकडंच राहिलो. पण डोक्यातून तो निळा पडदा जाईना. परत येऊन बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरलो. हार्डडिस्कशी बोलायची पद्धत नवी लावलेली होती, ती जुनी केली. आणि मामा, बैल आला! सगळं जिथल्या तिथं! आवाज तेवढा नव्हता. साउंडचा ड्रायव्हर टाकला, बंद करून बघितलं, आणि मामी ओरडली. मी एकटाच दुकानात "आलो, आलो" म्हणालो.

त्या आनंदात टाकव्याला घरी मामीला फोन लावला. "मामी, सीपीयू बदलला! लय भारी चालतोय!"

चुकलंच. माझ्या डोक्यात सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. पण आपल्याकडं सीपीयू म्हणजे अख्खा डबा. तुम्हीही तेच म्हणायचात. मामीला वाटलं, कुंकवाचा डबाच गेला.

"त्यांचं भंगारात घातलंस व्हय रं?"

"न्हाई मामी, डबा त्योच हाय. हार्डडिस्क तीच, विंडोज तीच..."

"दुकानाला एक खिडकी न्हाई, अन् विंडोज तीच म्हनं! ठेव फोन."

तेव्हापासून उचलत नाही. तुम्ही गेल्यावर तिनं दुकानाची पायरीही चढलेली नाही, मग दाखवू कसं? घरात कुणी रागावलं की मी गाव सोडतो, तुम्हाला ठाऊक आहे. यावेळी थांबलोय. रोज शटर उघडतोय, विश्वास बसतो का?

शब्द देतो मामा. मी असेपर्यंत या डिस्कवर फॉरमॅट मारू देणार नाही. दसऱ्याला कुंकू लावीन, फूलही वाहीन. पण डब्याच्या वर. जाळीत नाही!

थांबा, शटरपाशी कुणीतरी आलंय.

मामी! हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आत येत नाही, दारातूनच डब्याकडं बघतेय. कुंकवावर नजर थांबलीय.

"त्योच हाय की रं."

"मग काय सांगत होतो?"

"बरं, बंद कर आता त्ये. भाकरी गार हुतीया."

करतो बंद. हे पत्र 'भांडणारे'मध्ये सेव्ह केलंय. आणि मामा, आज स्पीकर चालूच ठेवतोय. पुढं काय ऐकून घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तुमचा भटका भाचा,
पक्या