बाळाच्या खोलीची खिडकी

४ सप्टेंबर
१. रात्री पाऊस झाला.
२. दादा-वहिनीच्या खोलीत खिडकीखालची भिंत ओली झाली.
३. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
साहजिक आहे. इमारतींमधली गळती शोधणं हा माझा व्यवसाय. वहिनी बाळाला घेऊन चौदाला घरी येते. तोवर भिंत कोरडी. आई काहीतरी सांगत होती. म्हटलं, आधी निदान होऊ दे.

५ सप्टेंबर
निदान झालं. वरच्या काकांच्या गॅलरीतल्या कुंड्या. काका म्हणाले, फुलं प्लास्टिकची आहेत. म्हटलं, धूत असालच.

६ सप्टेंबर
चौकटीला बाहेरून सिलिकॉन भरलं. काचा सरकतात त्या खालच्या ट्रॅकमध्ये खिडकी बनवणाऱ्याने तीन भोकं तशीच सोडलेली. तीही बुजवली. आईने विचारलं, भोकं सारख्या अंतरावर कशी गं? म्हटलं, काही लोक चुकाही शिस्तीत करतात.

८ सप्टेंबर, सकाळ
पाऊस. ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आत ओघळलं. अर्धी भिंत भिजली. म्हणजे वरून येणारं पाणी वाढलंय. सिलिकॉनचा आणखी एक थर. दादाने विचारलं, बाळासाठी खोली करतेयस की हौद?

१० सप्टेंबर
काकांना कुंड्या हलवायला लावल्या. काकूंनी विचारलं, आत ठेवल्यावर फुलं कोमेजणार नाहीत ना? टोमणा असावा. दुर्लक्ष केलं.

११ सप्टेंबर
ऑफिसात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. मीच बनवलेली स्लाइड वाचत होते: 'ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते बाहेर जावं म्हणून भोकं ठेवतात. ती कधीही बुजवू नयेत.' मध्येच थांबले. क्लायंटला वाटलं, मुद्दा ठसावा म्हणून थांबले. त्याने मान डोलावली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
भोकं मोकळी केली. सिलिकॉन निघता निघेना; काम चोख होतं, एवढं नमूद करते. काकांच्या कुंड्या परत नेऊन ठेवल्या. काकू फुलांना पाणी घालायचा अभिनय करत होत्या.
मग आईला विचारलं, त्या दिवशी काय सांगत होतीस?
"हेच, की रात्री खिडकी मीच उघडी ठेवली होती. खोलीला जरा हवा लागावी म्हणून."
गिलावा वाळायला महिना लागतो. हे मात्र मला नक्की माहीत आहे.
वहिनीला मेसेज केला:
'वहिनी, तुमच्या खोलीची भिंत ओली आहे. माझ्यामुळे. महिनाभर तू, दादा आणि बाळ माझ्या खोलीत राहा, मी हॉलमध्ये झोपेन. चालेल का, ते उद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.'