माझे प्रमेय खोटे ठरवू देणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
संशोधन विभाग, विद्यापीठ कार्यालय.

विषय : अर्जदाराचे प्रमेय खोडणारा प्रबंध दाखल करून घेणेबाबत, तसेच दोन आदेशांच्या क्रमाबाबत.
संदर्भ : आपले 'विषयबदल नामंजूर' हे पत्र.

महोदय,

१. अर्जदार गणित विभागात शिकवतो. ज्या प्रमेयावर त्याला पीएच.डी. मिळाली त्याचा मथितार्थ असा : फलन (फंक्शन) कितीही वेगाने हेलकावे घेवो, एका बिंदूपाशी ते अनंताकडे उधळलेले का असेना, त्याचा संकल, म्हणजे त्याच्या सगळ्या किमतींची बेरीज, एका ठरावीक स्थिरांकापलीकडे जात नाही. स्थिरांक आधी ठरवायचा, वेग नंतर निवडायचा. सगळी मातब्बरी या क्रमाची आहे.

२. अर्जदाराची विद्यार्थिनी सकाळी शाळेत शिकवते, दुपारी संशोधन करते. हेच प्रमेय पुढे नेताना तिला आढळले की वेगाबरोबर स्थिरांकही वाढतो. मुंगीच्या पावलाने, पण वाढतो. गणितात सगळ्या स्थिरांकांना 'क' हे एकच अक्षर वापरायची रीत आहे. त्यातल्या एका 'क'च्या पोटात वेग दडून बसला होता. परीक्षकांना तो दिसला नाही, अर्जदारालाही नाही. कागद पुढे ठेवून ती म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल ना?" अर्जदाराने तपासले. तिचे चुकले नव्हते. अर्जदाराला तेव्हा काहीच वाटले नाही, अद्यापही वाटत नाही. तिचा अभिमान वाटायला हवा हे कळते. वाटेल तेव्हा वाटेल.

३. तिच्या प्रबंधाचा विषय 'प्रमेय पुढे नेणे' ऐवजी 'प्रमेय खोडणे' असा बदलून मागितला. आपल्या कार्यालयाचे म्हणणे, प्रमेय दप्तरी खरे असल्याने ते खोडणारा प्रबंध घेता येत नाही. म्हणून अर्जदाराने ते खोटे असल्याचे लेखी दिले. त्यावर कक्ष अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजावले की, प्रमेय खोटे तर अर्जदाराची पदवी रद्द, पदवी रद्द तर मार्गदर्शकपद रद्द, आणि मार्गदर्शक नाही म्हणून विद्यार्थिनीची नोंदणीही रद्द. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. अधिकारी सज्जन आहेत. "सर, गप्प बसा ना, कोण बघतंय?" असेही ते म्हणाले. बघणारी एक आहे, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

४. तिच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपते. ती यापुढे वाढत नाही, हे आपणच कळवले आहे.

५. सबब विनंती की, दोन्ही आदेश काढावेत, फक्त क्रम पाळावा. आधी तिचा प्रबंध दाखल करून घ्यावा, परीक्षकांकडे पाठवावा, तिला पदवी द्यावी. अर्जदाराची पदवी त्यानंतर रद्द करावी. क्रम उलटल्यास दोघेही बुडतील. मधल्या काळात अर्जदार चुकीच्या पदवीवर मार्गदर्शक राहील, याची त्यास पूर्ण जाणीव आहे. त्याबद्दल जी काही कारवाई होईल ती मान्य आहे.

६. निकाल अर्जदारास कळवला नाही तरी चालेल, तिला मात्र कळवावा.

आपला नम्र,
(सही)
तूर्तास मार्गदर्शक
दिनांक : २१ जून

सोबत :
१) तिचा प्रबंध, अर्जदाराच्या सहीसह.
२) अर्जदाराचे मूळ पदवी-प्रमाणपत्र, बंद पाकिटात. तिची पदवी जाहीर झाल्यावरच फोडावे.