विहिरीतलं घुबड

चि. कुंदनले ताईचा आशीर्वाद.

मी अकोल्यात बरी आहो. माहा खोकला गेला म्हणून आईले सांगजो.

काल इथं पक्षीगणनेच्या बैठकीत एकानं घुबडाचा फोटो दाखवला. मांगं आपल्याच विहिरीचा निळा पाइप! "तुमच्या भावानंच आमाले तिथं नेलं. उडताना फोटो पायजे होता, म्हणून आमी खडे मारले," असं हासत सांगे तो.

काहून नेलं रे? ते घुबड मी फक्त तुलेच दाखवलं होतं. कोणाले सांगणार नाही म्हणून माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती तुनं.

ते परत आलं का? आईले विचारू नोको. घुबड गेलं म्हणून ती खुशीनं नारळ फोडन.

रविवारी दर्यापूरच्या गणनेले मी येत नाही. यादीत आपल्या विहिरीपुढं शून्य तूच लिहिजो.

तरी तुह्यी बहीण,
रागिणी